आधी आकडा लिहा, मग मीटर लावा

वाचकाचं पत्र:

सर, नमस्कार. मी बेळगावजवळच्या मच्छे गावात राहतो, वय ४३. उद्यमबागेत एका कारखान्यात १९ वर्षं टर्नर आहे. मुलीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी इलेक्ट्रॉनिक्सचं किट आणलं होतं. ती आता पीयूसीला (अकरावी-बारावीला) गेली, किट घरात पडून राहिलं. रात्री जेवण झालं की मीच ते घेऊन बसायला लागलो. व्हिडिओ बघून जोडणी करतो. काही चालतात, काही चालत नाहीत. चाललं तर का चाललं ते कळत नाही, बंद पडलं तर का पडलं तेही कळत नाही. ९ व्होल्टच्या चौकोनी सेलला सरळ जोडून सहा एलईडी गेले. ५५५ नावाच्या टायमर आयसीचा (चिपचा) लुकलुकणारा दिवा केला, पण तो नुसता लागून राहतो. त्यात १ के आणि ६८ के असे दोन रेझिस्टर होते. कपॅसिटर १० मायक्रोफॅरडचा सांगितला होता, मी किटमधला १०४ लिहिलेला बसवला. माझी दहावी मराठीतून झाली, इंग्रजी कच्चं आहे, गणित विसरलोय. कारखान्यात मशीनचं पॅनल उघडं दिसलं की मी आत बघत उभा राहतो. मित्र म्हणतो, मीटर घेऊन ये, आत काय आहे ते बघू. या वयात हे शिकता येईल का? सुरुवात कुठून करू?

उत्तर:

नमस्कार. पहिल्यांदा चांगली बातमी. तुमचा ५५५चा दिवा बिघडलेला नाही. तो सेकंदाला शंभराहून जास्त वेळा लुकलुकतोय, डोळ्यांना ते दिसत नाही इतकंच.

कपॅसिटर म्हणजे वीज साठवणारा आणि सोडणारा भाग. तुम्ही बसवलेल्यावर १०४ लिहिलंय. ते १० आणि पुढे चार शून्यं असं वाचायचं, आणि एकक पिकोफॅरड. म्हणजे १,००,००० पिकोफॅरड, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड. हवा होता १०चा, बसला त्याच्या शंभरावा हिस्सा. ५५५चं गणित असं: १.४४ला पहिला रेझिस्टर अधिक दुसऱ्याची दुप्पट, गुणिले कपॅसिटर, एवढ्याने भागायचं. तुमचे रेझिस्टर १ के आणि ६८ के (के म्हणजे हजार ओहम), म्हणजे १ अधिक १३६, एकूण १३७ के. त्यावर १० मायक्रोफॅरड असता तर सेकंदाला साधारण एकदा लुकलुकला असता. तुमच्या ०.१वर येतात सेकंदाला १०५ वेळा. सेकंदाला पन्नास-साठच्या वर गेलं की डोळ्याला दिवा सलग लागलेलाच दिसतो.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका, तपासून बघा. खोलीतले दिवे घालवा, ब्रेडबोर्ड (भाग खोचायचा भोकांचा बोर्ड) हातात घ्या आणि डोळ्यासमोरून झपकन आडवा फिरवा. सलग रेघ दिसणार नाही, तुटक तुकड्यांची माळ दिसेल. आणखी गंमत हवी असेल तर एक छोटा ८ ओहमचा स्पीकर घ्या. त्याच्या वाटेत १०० ओहमचा रेझिस्टर आणि १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एकामागे एक जोडा, कपॅसिटरचं अधिक टोक आयसीच्या तीन नंबरच्या पायाकडे. स्पीकरचं दुसरं टोक सेलच्या वजाकडे. एक जाड गुणगुण ऐकू येईल. तुमच्या गल्लीतल्या खांबावरचा ट्रान्सफॉर्मर जो हूं असा आवाज करत असतो, तो सेकंदाला १०० कंपनांचा असतो, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आणि लोखंड प्रत्येक फेऱ्यात दोनदा ताणलं जातं. तुमच्या आयसीचा सूर त्याच्या अगदी शेजारचा.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येतो. चाललं तर का, नाही तर का नाही. पत्रातलं हे एक वाक्य मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं. व्हिडिओ बघून तारा लावणं म्हणजे ड्रॉइंगवरची मापं न वाचता दुसऱ्याच्या जॉबकडे बघून जॉब उतरवणं. तुम्ही लेथवर असं कधी केलं असतं का? १९ वर्षांत तुम्ही डोळ्यावर कधी भरवसा ठेवला नसेल. व्हर्नियर लावला, मायक्रोमीटर लावला, आकडा बघितला, मगच जॉब पुढे दिला. इलेक्ट्रॉनिक्स शिकायला नेमकी हीच सवय लागते, आणि ती तुमच्या हातात मुरलेली आहे. इथला मायक्रोमीटर म्हणजे मल्टिमीटर. दोन-तीनशे रुपयांचा साधा डिजिटल मीटर घ्या. किटमध्ये आणखी सेन्सर घालण्याआधी हा घ्या.

मग एक वही घाला. जोडणी केली की मीटर लावायच्या आधी वहीत लिहायचं, इथे किती यायला हवं. मग मीटर लावायचा आणि आलेला आकडा शेजारी लिहायचा. जुळला तर पुढे जायचं. नाही जुळला तर तिथेच थांबायचं आणि फरकाचं कारण मिळेपर्यंत उठायचं नाही. मी माझा पहिला रेडिओ जोडला तेव्हा तो तीन महिने मुका होता, आणि मी रोज भाग बदलत बसायचो. शेवटी एका जाणत्या माणसाने मला प्रत्येक ट्रान्झिस्टरच्या पायावरचं व्होल्टेज कागदावर मांडायला लावलं. एका पायावर असायला हवं ते व्होल्टेजच नव्हतं, सांधा आतून कोरडा होता. अर्ध्या तासात रेडिओ बोलला. तेव्हापासून आधी आकडा लिहिल्याशिवाय मी मीटर उचलत नाही.

सहा एलईडींचं तसंच करून बघू. आपल्याकडे घराघरांत ‘करंट गेला’ म्हणतात, ‘करंट बसला’ म्हणतात. रोजच्या बोलण्यात करंट हा एकच शब्द सगळ्याला पुरतो, आणि नवशिक्याचा पहिला गोंधळ तिथूनच सुरू होतो. ‘करंट गेला’ म्हणतो तेव्हा खरं तर व्होल्टेज गेलेलं असतं. ते गेलं म्हणून करंट वाहायचा थांबतो. दहावीच्या पुस्तकात तुम्ही विभवांतर, विद्युतधारा आणि रोध असे तीन शब्द शिकला होता. विभवांतर म्हणजे व्होल्टेज, ढकलणारा जोर. विद्युतधारा म्हणजे करंट, प्रत्यक्ष वाहणारी. रोध म्हणजे अडवणूक. जोराला अडवणुकीने भागलं की वाहणारी मिळते, हाच ओहमचा नियम. सुरुवातीला लागणारं गणित एवढंच, भागाकार आणि गुणाकार.

एलईडी हा बल्बसारखा वागत नाही. लाल एलईडी पेटला की त्याच्या दोन पायांत साधारण २ व्होल्ट राहतात, पांढऱ्या-निळ्यात साधारण ३. त्याच्या वर व्होल्टेज जरासं ढकललं तरी करंट एकदम चढतो. तुम्ही त्याला ९ व्होल्ट सरळ दिले, वाटेत अडवणारं कुणी नाही, म्हणून तो गेला. आता वाटेत ४७० ओहम घाला. हिशेब वहीत: ९ वजा २, उरले ७. ७ भागिले ४७०, आले ०.०१५ अँपिअर, म्हणजे १५ मिलिअँपिअर. साध्या ५ मिलिमीटरच्या एलईडीला २०पर्यंत चालतं, म्हणजे तो सुखात आहे. रेझिस्टरवर व्होल्टेज किती? ७. एलईडीवर? २. लिहा आणि मग मीटर लावा. ६.९ आणि २.० असं काही येईल, आणि बेरीज सेलच्या व्होल्टेजएवढीच येईल. आता ४७०च्या जागी १ के घाला. करंट निम्म्यावर येईल, पण एलईडीवरचं व्होल्टेज जवळपास हलणार नाही. इथे थांबा, हे दोन-तीनदा करून बघा. एलईडी म्हणजे काय हे ज्याला कळायचं त्याला या क्षणी कळतं.

रेझिस्टरचे रंग पाठ करायची तुम्हाला भीती वाटत असेल. मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला ती मुळीच नको. ‘तानापिहिनिपाजा’ आठवतं ना, इंद्रधनुष्याचं? त्यातला ‘पा’ काढून टाका. उरलं तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा. हे झाले २, ३, ४, ५, ६, ७. त्याच्या आधी काळा ० आणि तपकिरी १. शेवटी करडा ८, पांढरा ९. संपलं. पहिले दोन पट्टे आकडे, तिसरा पट्टा पुढे किती शून्यं. पिवळा-जांभळा-तपकिरी म्हणजे ४, ७ आणि एक शून्य, ४७०. तुमचा ६८ के म्हणजे निळा-करडा-नारिंगी. निळसर अंगाचे रेझिस्टर येतात त्यांवर पाच पट्टे असतात, तिथे पहिले तीन आकडे आणि चौथा शून्यांचा. त्या अंगावर रंग ओळखणं खरंच कठीण जातं, तेव्हा सरळ मीटर लावा. मात्र रेझिस्टर जोडणीतून बाहेर काढून मोजा. सेल लागलेल्या जोडणीत मोजलेला रोध खोटाच येतो.

शेवटचा सोनेरी पट्टा म्हणजे टॉलरन्स, अधिक-उणे ५ टक्के. हे तुम्हाला कुणी समजावून सांगायला नको. ४७० लिहिलेला रेझिस्टर ४४७ भरला तरी तो पास. डब्यासारख्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचा टॉलरन्स तर बहुतेकदा २० टक्के असतो, १० लिहिलेला ८ भरला तरी त्याची चूक नाही. ०.०२ मिलिमीटरसाठी जॉब परत येतो त्या कारखान्यातून घरी येऊन ही ढिलाई बघायला तुम्हाला चमत्कारिक वाटेल. पण चांगली सर्किटं ही ढिलाई धरूनच आखलेली असतात.

भागाकाराचा तो नियम ज्याच्या नावाचा, तो गेओर्ग ओहम कुलुपं बनवणाऱ्या कारागिराचा मुलगा होता. बापाने स्वतः शिकून मुलांना गणित आणि विज्ञान शिकवलं, आणि हाताचं कसबही दिलं. पुढे कोलोनला शाळेत शिकवत असताना ओहमने उपकरणं स्वतःच्या हातांनी बनवली. वेगवेगळ्या लांबीच्या तारा लावून तो मोजत होता, पण त्या काळच्या बॅटरीचा जोर मोजता मोजताच ढळायचा, आकडे जुळायचे नाहीत. मग त्याने तांबं आणि बिस्मथ यांची जोडी घेतली, एक सांधा बर्फात आणि दुसरा उकळत्या पाण्यात ठेवला, आणि त्यातून मिळणाऱ्या बारीकशा पण स्थिर जोरावर सगळी मापं पुन्हा घेतली. १८२७ साली नियम छापला. हे सांगतोय ते अशासाठी की तुमचा चौकोनी सेलही ढळेल. नवा असताना ९च्या वर दाखवेल, चार रात्रींनी ८वर येईल. आकडा जुळला नाही की पहिला मीटर सेलला लावा.

ब्रेडबोर्डही मोजूनच घ्या. मीटरचा आवाज करणारा कंटिन्युइटीचा खटका लावा आणि कुठलं भोक कुठल्याला जोडलेलं आहे ते स्वतः शोधा. मधल्या भागात पाच-पाच भोकांच्या ओळी आतून जोडलेल्या असतात, कडेने अधिक-वजाच्या लांब पट्ट्या. बऱ्याच लांब बोर्डांत ही कडेची पट्टी बरोबर मध्यावर तुटलेली असते. अर्ध्या बोर्डाला वीज पोचतच नाही आणि माणूस आयसीला दोष देत बसतो. तुमच्या ‘नाही चाललं’पैकी एक-दोन तरी यातलेच असावेत. आणि आपल्याकडचा पावसाळा. चार महिने ओल भरते, पातळ पायांवर काळसर थर चढतो आणि बोर्डात सांधा धरत नाही. भाग झाकणाच्या डब्यात ठेवा, पाय बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासून मगच खोचा.

आता पॅनलविषयी, आणि इथे मी हात जोडून सांगतो. मित्राचं ऐकू नका. त्या पॅनलमध्ये ४१५ व्होल्ट थ्री फेज आहे. मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह असेल तर त्याच्या आत ५५० व्होल्टच्या वर डीसी साठलेलं असतं, आणि मेन स्विच पाडल्यावरही काही मिनिटं ते तिथेच असतं. स्वस्त मीटर या कामासाठी बनलेला नाही. त्याच्या बहुतेक नमुन्यांत १० अँपिअरच्या भोकाला फ्यूजसुद्धा नसतो. लाल तार चुकून त्या भोकात राहिली आणि टोकं दोन फेजना टेकली तर मीटर हातातच फुटतो. हे काम कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनचं, त्याच्याकडचं मीटर वेगळं, हातमोजे वेगळे. घरातला मोबाइलचा चार्जरही उघडू नका. आत कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट असतात, प्लग काढल्यावरही ते काही काळ राहू शकतात. इन्व्हर्टरची मोठी बॅटरी ‘१२च व्होल्ट आहे की’ म्हणून वापरायचा मोह होईल. तीही नको. तिचा शॉर्ट झाला तर शेकड्यांनी अँपिअर वाहतात, बोटातली अंगठी क्षणात लालभडक होते. वर्षभर तरी ९ व्होल्टचा सेल किंवा चार पेन्सिल सेल, एवढंच. पॉवर बँकही चालते, फक्त एवढासा करंट बघून बऱ्याच पॉवर बँका आपोआप बंद होतात, तेव्हा घाबरून जाऊ नका.

दुसरी एक सवय लावून घ्या: करंट मोजून झाला की लाल तार लगेच व्होल्टेजच्या भोकात परत. करंटच्या भोकात ठेवून सेलला मीटर लावणं म्हणजे सेल शॉर्ट करणं.

इंग्रजीचं ओझं मनावर घेऊ नका. दुकानात गेलात तर गिऱ्हाईक मराठी बोलतंय की कानडी, यापेक्षा ‘फोर सेवन्टी ओहम, क्वार्टर वॉट’ एवढंच लागतं. जुने दुकानदार रेझिस्टरला ‘रेझिस्टन्स’ म्हणतात आणि कपॅसिटरला ‘कंडेन्सर’, ते ध्यानात ठेवा. डेटाशीट, म्हणजे कंपनीने दिलेलं त्या भागाचं माहितीपत्रक, दहा-बारा पानांची असली तरी सुरुवातीला तुम्हाला त्यातल्या दोनच गोष्टी हव्यात: पाय कोणता कुठे, आणि कमाल मर्यादांचा तक्ता. बीसी ५४७ ट्रान्झिस्टर घ्या. सपाट बाजू तुमच्याकडे, पाय खाली, तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. मर्यादा ४५ व्होल्ट आणि १०० मिलिअँपिअर. हे वाचायला किती इंग्रजी लागलं? मुलगी पीयूसीला आहे, अडला शब्द तिला विचारा. तिलाही बरं वाटेल.

एलईडी आणि रेझिस्टर हाताखाली आले की या बीसी ५४७ने अंधारात लागणारा दिवा करा. अधिककडून ४७ केचा रेझिस्टर बेसला, बेसपासून वजाला एलडीआर (उजेडाप्रमाणे रोध बदलणारा रेझिस्टर), एमिटर वजाला. कलेक्टरच्या वाटेत ४७० ओहम आणि एलईडी. उजेडात एलडीआरचा रोध उतरतो, बेसवर ०.६ व्होल्टही जमत नाहीत, दिवा बंद. तळहाताने एलडीआर झाका, बेस ०.७ला पोचतो, दिवा लागतो. बेसमध्ये जेमतेम ०.१८ मिलिअँपिअर जातो आणि तो कलेक्टरमधल्या १५ला मोकळं करतो. हे दोन्ही आकडे आधी कागदावर काढा. १९४७ साली बेल लॅबमध्ये ट्रान्झिस्टर जन्मला तो याच कामासाठी, छोट्याने मोठ्याला हलवायचं. तुमच्या हातातला मोबाइल आतून हेच करतो.

सोल्डरिंग दोन महिन्यांनी. आपले जुने लोक त्याला डाख लावणं म्हणायचे. २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न पुरतं. घाई केलीत तर चुकलेली जोडणीही कायमची होऊन बसते.

वयाचं काय सांगू? ४३ व्या वर्षी तुमच्याकडे जे हात आहेत ते विशीतल्या पोराकडे नसतात. मापाची सवय लागायलाच त्याची दोन वर्षं जातात.

या आठवड्यात एकच करा. ५५५ आयसीची रचना हान्स कामेनझिंड यांनी १९७१ साली आखली, आणि आजही ती शिकण्यासाठी मला सगळ्यांत आवडते, कारण तिच्या आत काय चाललंय ते साध्या मीटरवर बघता येतं. तुमच्या त्याच जोडणीतला १०४ काढा आणि १०० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलायटिक बसवा. त्याच्या अंगावर पट्टी असते तो पाय वजाचा, तो उलटा लावू नका. मीटर २० व्होल्टवर ठेवा, काळी तार वजाला, लाल तार सहा नंबरच्या पायाला. पहिल्या वेळी आकडा शून्यापासून चढेल, पुढे मात्र ३ आणि ६ व्होल्टच्या मध्येच येरझाऱ्या घालेल. सेलच्या एक तृतीयांशापासून दोन तृतीयांशापर्यंत कपॅसिटर भरतो, मग रिकामा होतो, आणि प्रत्येक वळणावर दिवा बदलतो. हिशेबाने चढायला ४.८ सेकंद आणि उतरायला ४.७ यायला हवेत. मोबाइलचं घड्याळ लावून दहा फेऱ्या मोजा. तुमच्या कपॅसिटरवर १०० लिहिलंय, तो प्रत्यक्षात किती भरला ते त्यावरून काढा, आणि पुढच्या पत्रात मला तो आकडा लिहून पाठवा.